किल्ली आणि कुलूप

दिवाळीच्या झाडलोटीत यंदा आमच्या उमरीच्या घरी फडताळातून गोळ्यांची एक अर्धी पट्टी निघाली. “राहू द्या की, कुणाला पडसंबिडसं झालं तर कामी येईल,” मंडळी म्हणाली. आजवर मीही तेच केले आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यातल्या दोन दोन गोळ्या देऊन पुण्य जोडले आहे. पण त्या पुण्याचा जमाखर्च मांडायचा, तर थोडा इतिहास पाहावा लागेल. मी मॅट्रिक झालेला, गोष्टी लिहिणारा मास्तर. तेव्हा गोष्टीसारखाच सांगतो.

1928 साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीत पेनिसिलिन सापडले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. जंतू आपल्याभोवती भिंत बांधतो. ते बांधकाम करणारे प्रथिन हे कुलूप समजा. त्यात रुतून बसणारी किल्ली म्हणजे पेनिसिलिन. काम थांबते, भिंत ढासळते. पण या किल्लीचा सारा जीव चार अणूंच्या एका इवल्या कड्यात! ते कडेच फोडणारे विकर काही जंतूंजवळ असते, हे अब्राहम आणि चेन यांनी 1940 सालीच नोंदवले होते.

मग रसायनशास्त्रज्ञांनी युक्ती केली. कड्याच्या शेजारी त्यांनी अणूंचा एक बोजड गट बसवला, म्हणजे विकराचा हात कड्यापर्यंत पोचू नये. हे मेथिसिलिन. परंतु 1961 सालीच इंग्लंडात त्यालाही न जुमानणारे जंतू आढळले. त्यांनी किल्ली मोडली नव्हती. कुलूपच बदलले होते!

आता आपल्या मराठवाड्यात या. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, वोक्हार्ट कंपनीची संशोधनशाळा आहे. या कंपनीने हाती घेतलेले कोडे निराळे होते. एरिथ्रोमायसिनच्या कुळातली औषधे जंतूच्या प्रथिने घडविणाऱ्या यंत्रावर जाऊन बसतात. जंतू नेमक्या त्याच जागी रसायनाचे ठिगळ लावतो आणि औषधाचा पाय निसटतो. म्हणून ‘नॅफिथ्रोमायसिन’ची रचनाच अशी केली, की ते दोन जागी पाय रोवील, एक निसटला तरी दुसरा टिकावा. केंद्र सरकारचे साहाय्य होते, तरी या कामाला सुमारे 14 वर्षे लागली. नोव्हेंबर 2024 मध्ये या औषधाची घोषणा झाली. न्यूमोनियासाठी ते दिवसातून एकदा, असे 3 दिवस घ्यायचे.

किल्ली घडवायला माणसाला 14 वर्षे. मेथिसिलिनच्या वेळी कुलूप बदललेले दिसायला मात्र फारसा अवकाश लागला नव्हता. पडसे विषाणूंचे; त्यावर या गोळ्या काडीइतक्याही चालत नाहीत. शरीरातल्या इतर जंतूंना मात्र त्या आयती तालीम देतात. म्हणजे माझ्या पुण्याईने मी आजवर शेजाऱ्यांच्या घरी कुलुपे बदलण्याचीच शाळा चालवीत होतो!

ती पट्टी पुन्हा फडताळात गेली नाही. शेजारी मात्र यंदा फराळाचे ताट भरून पाठवले आहे.