नवखा आणि सीनियर : नागपूरच्या कॉलेजजीवनातील एक जुनी रीत

नागपुरात कॉलेजचे शिक्षण सुरू झाले ते १८८३ साली हिस्लॉप कॉलेजात आणि पाठोपाठ १८८५ साली मॉरिस कॉलेजात. पहिले स्कॉटिश मिशनचे, दुसरे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर जॉन मॉरिस यांच्या नावाचे. स्वतःचे विद्यापीठ मिळायला शहराला आणखी चाळीस वर्षे लागली. तोवर ही कॉलेजे आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. शिकवणारा नागपुरात आणि परीक्षेचे नियम ठरवणारा शेकडो मैलांवर, असा तो कारभार होता. कुठला विषय घ्यावा, फॉर्म कधी भरावा, नापास झाल्यास पुढे काय, हे नव्या विद्यार्थ्याला सांगणारे कार्यालय जवळपास नव्हतेच. सांगत असे तो एक-दोन वर्षे आधी आलेला विद्यार्थी.

नवख्यांची संख्याही त्या काळाच्या मानाने लहान नव्हती. वऱ्हाडात १९२३ मध्ये अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज निघेपर्यंत आर्ट्‌सचे कॉलेज नव्हते. छत्तीसगडात रायपूरचे कॉलेज १९३८ मध्ये सुरू झाले. त्यामुळे मॅट्रिक झालेला वऱ्हाडी मुलगा एक तर मुंबई-पुण्याकडे जाई, नाही तर नागपूरला येई. महाल, धंतोली किंवा सीताबर्डी अशा वस्तीत एखादी खोली, महिन्याच्या हिशेबाची खानावळ, फीची सवलत आणि जुनी पुस्तके, एवढे जमले की त्याचे बस्तान बसे. हे जमवून देणारा बहुधा त्याच्याच गावचा किंवा नात्यातला असे. मुलगा गाडीत बसण्याआधी त्या विद्यार्थ्याच्या नावाने घरून चिठ्ठी जाई. ज्याच्या घरातले, गावातले किंवा जातीतले कोणी आधी गेले होते, त्याचे भागे. ज्याचे कोणीच गेले नव्हते, त्याला चिठ्ठी लिहायला नावच नसे. या रीतीचे सामर्थ्य आणि तिचा दोष एकाच जागी होता, आणि पुढच्या शंभर वर्षांत तिच्यात जे बदल झाले त्यांतले बरेचसे या दोषामुळेच झाले.

मुंबई इलाख्यात थोडी वेगळी सोय होती. पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या ‘दक्षिणा’ फंडातून तिथल्या कॉलेजांत ‘फेलो’ नेमले जात. नुकताच पदवीधर झालेला हुशार विद्यार्थी पगार घेऊन खालच्या वर्गांना शिकवी आणि स्वतःचा पुढचा अभ्यासही करी. न्यायमूर्ती रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात आणि आगरकर डेक्कन कॉलेजात असे फेलो होते. विद्यार्थ्यानेच विद्यार्थ्याला शिकवण्याची ही राजमान्य व्यवस्था म्हणता येईल. पण तो पैसा पेशवाईचा होता आणि नागपूर भोसल्यांचे, त्यामुळे या फंडाशी नागपूरचा संबंध आला नाही.

नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले. त्या वेळी विद्यापीठाला सहा कॉलेजे जोडलेली होती आणि सगळे विद्यार्थी मिळून ९२७ होते. आज एखाद्या मोठ्या कॉलेजात एका वर्षी याहून अधिक मुले प्रवेश घेतात. इतक्या लहान जगात प्रत्येक सीनियर प्रत्येक नवख्याला चेहऱ्याने तरी ओळखत असणार. विद्यापीठाने या कामासाठी वेगळे पद निर्माण केले नाही, आणि तेव्हा कोणाला त्याची गरजही वाटली नसेल.

गरज वाटली ती ज्यांचे आधी कोणी गेले नव्हते त्यांना. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली होती. अस्पृश्य समाजाची अखिल भारतीय परिषद १९२० च्या मे महिनाअखेरीस नागपुरात भरली, तिचे अध्यक्ष शाहू महाराजच होते. नागपुरात त्याआधीपासून किसन फागोजी बनसोडे यांचे अस्पृश्यांच्या शिक्षणाचे काम चालू होते. त्यांनी १९०७ मध्ये चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली होती, पुढे छापखाना आणि वृत्तपत्रेही चालवली. स्वातंत्र्यापूर्वीच शहरात चोखामेळा वसतिगृह उभे राहिले. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढले आणि तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू लागली. अशा वसतिगृहांनी निवाऱ्याइतकीच आणखी एक मोठी गोष्ट दिली. ज्या मुलाच्या गावातून कोणीच पुढे गेलेले नव्हते, त्याला इथे खोलीच्या भिंतीपलीकडे सीनियर मिळाला. ओळखीच्या चिठ्ठीचे काम वसतिगृहाचा पत्ता करू लागला.

मुलींच्या वाटेला ही सोय फार उशिरा आली. लेडी अमृतबाई डागा कॉलेज १९३२ मध्ये निघाले, पण परगावच्या मुलीला शहरात नातेवाईक नसेल तर शिक्षण तिथेच थांबे. १९४२ च्या जुलैत नागपुरात झालेल्या दलित महिलांच्या परिषदेत सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे काढावीत ही त्या परिषदेची एक मागणी होती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून नवख्याला करायच्या मदतीत शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून देणे हे एक काम कायमचे येऊन बसले.

एकदा तर नवखे एकेकटे न येता लाटेसारखे आले. १९३८ च्या अखेरीस हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटले. निजामाच्या कारभाऱ्यांनी बंदी घातली, विद्यार्थी हटले नाहीत, औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातही तेच झाले आणि शेकडो मुलांची नावे पटावरून कमी झाली. इतर विद्यापीठे त्यांना घ्यायला कचरत असताना नागपूर विद्यापीठाने दार उघडले. त्या वेळी टी. जे. केदार कुलगुरू होते. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव काढून टाकलेल्यांपैकीच एक, आणि त्यांनी कायद्याची पदवी नागपूर विद्यापीठाचीच घेतली.

या मुलांची अडचण जागेपुरती नव्हती. उस्मानियात इंग्रजी विषय सक्तीचा असला तरी बाकी सारे विषय उर्दूतून शिकवले जात. नागपुरात व्याख्याने आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत होत्या. इतिहास किंवा रसायनशास्त्र येत असूनही त्यांतल्या संज्ञा नव्याने शिकाव्या लागणार, आणि तेही वर्ष अर्धे सरल्यावर. अशा वेळी प्राध्यापकाच्या व्याख्यानापेक्षा शेजारच्या बाकावरच्या मुलाची वही अधिक कामाची. नागपूरच्या विद्यार्थीजीवनात वही उसनी देणे याला जे मोल आहे, ते अशा प्रसंगांनी वाढत गेले असावे.

भाषेचा प्रश्न दहा वर्षांच्या आत उलट्या बाजूने उभा राहिला. पदवीच्या शिक्षणात मराठी आणि हिंदी माध्यम आणण्यात नागपूर विद्यापीठ देशात आघाडीवर होते. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा बदल सुरू झाला, आणि डॉ. रघुवीर यांचे पारिभाषिक शब्द घडवण्याचे काम याच शहरात चालले होते. माध्यम बदलले, पण पाठ्यपुस्तके लगेच तयार झाली नाहीत. पुस्तक छापून बाजारात येईपर्यंत वरच्या वर्गातल्यांच्या हस्तलिखित नोट्स हेच पुस्तक होते.

१९४७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तसे या रीतीचे रूप पालटले. लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ पासून होतीच. या संस्थांत बहुतेक मुले वसतिगृहात राहत, आणि प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात निम्म्या जागा परराज्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी होत्या. केरळचा किंवा बिहारचा मुलगा ज्या शहरात उतरला तिथे त्याचे गाववाले नव्हते. मग गावाची जागा शाखेने आणि वर्षाने घेतली. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाने मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला धरायचे, असा अलिखित शिरस्ता पडला. गावच्या नात्याने आलेला सीनियर ‘भाऊ’ किंवा ‘दादा’ असे, तर इथला ‘सर’ झाला. मदत वाढली आणि तिच्याबरोबर अंतरही.

मदत मात्र अगदी हाताला लागेल अशी होती. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्रासाठी माणसाच्या हाडांचा संच लागतो. तो दुकानात सहज मिळणारी वस्तू नव्हे. खालच्या वर्षातून वर गेलेला विद्यार्थी आपला संच नव्या मुलाला देतो. त्यासोबत कुठल्या हाडावर तोंडी परीक्षेत हमखास काय विचारतात, डावे-उजवे कसे ओळखायचे, हेही सांगतो. पेन्सिलीच्या खुणा आणि स्नायूंच्या जागा दाखवणाऱ्या रंगीत रेघांसह एकेक संच किती तरी बॅचेसच्या हातांतून जातो. अभियांत्रिकीत ड्रॉइंगच्या शीटचे तसेच. टेबलावर काच ठेवायची, खाली दिवा लावायचा, सीनियरची शीट खाली आणि आपला कोरा कागद वर ठेवून रेघा गिरवायच्या. शिक्षकांच्या दृष्टीने ही उघड चोरी. पण पहिल्या सत्रात जर्नल, सबमिशन आणि टर्म वर्क यांच्या ओझ्याखाली दबलेल्या मुलाला ती शीट कशी काढली असेल हे समजावून सांगणाराही बहुधा तोच सीनियर असे.

याच नात्याच्या पोटी रॅगिंग वाढले. ‘इंट्रो’ म्हणजे ओळख करून देणे, हे त्याचे निमित्त. मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, विचारल्याशिवाय बोलायचे नाही, असे नियम देशभरच्या व्यावसायिक महाविद्यालयांत चालत. ‘रॅगिंगमुळे ओळखी होतात आणि मग सीनियर नोट्स देतात’ हे त्याचे नेहमीचे समर्थन होते. ते फसवे होते. हाडे आणि नोट्स अपमानाशिवायही देता येत होत्या, आणि साध्या कला-वाणिज्य कॉलेजांत नोट्स तशा दिल्याही जात होत्या. मदत देणारा एकटाच असला आणि घेणाऱ्याला दुसरी वाट नसली, की त्या मदतीची किंमत वसूल करण्याचा मोह होतो, इतकेच यातून दिसते.

महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षे दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही, अशी त्यात तरतूद आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले.

या विनियमांचे दंडाचे कलम सर्वांना ठाऊक आहे, कारण प्रवेश घेताना विद्यार्थी आणि पालक दोघांनाही शपथपत्र द्यावे लागते. त्यातला दुसरा भाग कमी वाचला जातो. प्रत्येक विद्यापीठात ‘मेंटॉरिंग सेल’ असावा, त्यात स्वेच्छेने येणारे विद्यार्थी असावेत, सहा नवख्यांमागे एक मेंटॉर आणि अशा सहा मेंटॉरांमागे वरच्या वर्गातला एक, अशी उतरंड असावी, असे त्यात लिहिले आहे. सव्वाशे वर्षे तोंडोतोंडी चालत आलेली रीत इथे प्रथमच कागदावर आली आणि तिला प्रमाणही मिळाले. हिशेब केला तर सहाशे नवे विद्यार्थी घेणाऱ्या कॉलेजला शंभर मेंटॉर आणि त्यांच्या वर सतरा जण लागतील. इतके स्वयंसेवक मिळणे सोपे नाही. शिवाय याच विनियमांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वसतिगृहाच्या वेगळ्या इमारतीत ठेवायला सांगितले. रात्रीच्या छळापासून त्यामुळे संरक्षण मिळाले हे खरे, पण भिंतीपलीकडचा सीनियरही गेला. जो आपोआप भेटत होता त्याला आता नेमावे लागते.

प्रत्यक्षात नागपूरच्या बहुतेक कॉलेजांनी हे काम शिक्षकांकडे दिले. अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘टीजी’, म्हणजे टीचर गार्डियन, हा शब्द मुलांच्या रोजच्या बोलण्यात आहे. वीस-पंचवीस मुलांची एक बॅच एका शिक्षकाच्या नावावर असते, हजेरी, एटीकेटी आणि घरच्यांशी बोलणे तो पाहतो. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनातही मेंटॉर म्हणून शिक्षकच मोजला जातो, त्यामुळे कॉलेजांचा कल तिकडे असणे स्वाभाविक होते. विद्यार्थी मेंटॉरांची पद्धत रुजली ती मोठ्या निवासी संस्थांत. आयआयटी मुंबईत ती चांगली बसली आहे, आणि २००२ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (व्हीएनआयटी) झालेल्या नागपूरच्या त्याच प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातही वरच्या वर्गातले विद्यार्थी हे काम करतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर परिचय कार्यक्रम आणला, त्याने शिक्षक आणि सीनियर यांना काही दिवस तरी एकत्र आणले.

वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांचा प्रश्न मात्र नव्याने उभा राहिला आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याने २०१७ च्या जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना लागू केली. नागपुरात राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तिची मूळ रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरली : भोजनाला ३२,०००, निवासाला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००. पैसे खात्यात येतात, पण मुलगा भाड्याच्या खोलीत एकटा असतो. जात वैधता प्रमाणपत्र, बोनाफाइड, भाडेकरार, आधारशी जोडलेले खाते, यांतले एक चुकले तरी अर्ज अडतो. हे सांगायला पूर्वी वसतिगृहाच्या ओट्यावर कोणी तरी असे. आता ते काम व्हॉट्सॲपवरचे गट आणि विद्यार्थी संघटनांचे कार्यकर्ते करतात.

विदर्भातच या रीतीची एक नवी शाखा फुटली आहे. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारे या गावचे राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये यवतमाळमधून ‘एकलव्य’ हा उपक्रम सुरू केला. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या ग्रामीण मुलांना देशातल्या नामवंत विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांची माहिती आणि तयारी देणे हे त्याचे काम. मार्गदर्शन करणाऱ्यांत अनेक जण स्वतः त्या विद्यापीठांत शिकत असलेले किंवा नुकतेच शिकून आलेले असतात. अर्ज कसा भरायचा, मुलाखतीत काय विचारतात, प्रवेश मिळाल्यावर शिष्यवृत्ती कुठे मागायची, हे ते पुढच्या तुकडीला सांगतात. वऱ्हाडातून नागपूरला येणाऱ्या मुलासाठी जे काम एकेकाळी एका चिठ्ठीने होत असे, ते आता वऱ्हाडातून तुळजापूर, बंगळुरू आणि दिल्लीकडे निघालेल्या मुलांसाठी केले जाते. परदेशी विद्यापीठांत अर्ज करणाऱ्यांसाठीही संस्थेचा स्वतंत्र कार्यक्रम आहे.