घरचा छापखाना आणि घरचा सर्व्हर

मजकूर आपला असतो. पण तो ज्या यंत्रावरून लोकांपर्यंत जातो, ते यंत्र कोणाचे? हा प्रश्न आज संगणकाच्या संदर्भात निघतो, म्हणून तो नवा आहे असे मात्र समजू नका. मराठी छपाईच्या इतिहासात तो अगदी आरंभापासून उभा आहे. आमच्या धंतोलीत एखाद्या निवृत्त शिक्षकाने आजोबांची जुनी टिपणे, पत्रे, छायाचित्रे जमवून त्यांचे संकेतस्थळ करायचे ठरवले आणि ते घरच्याच यंत्रावर ठेवावे असे त्याच्या मनाने घेतले, तर तो जवळजवळ दोनशे वर्षांची एक खटपट पुढे चालवीत आहे, असेच म्हटले पाहिजे.

या खटपटीचे मूळपुरुष गणपत कृष्णाजी. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता. तो पाहून या गृहस्थांना वाटले की, असे यंत्र आपले स्वतःचे असावे. त्यांनी लाकडी यंत्र घडविले, शाई स्वतः करून पाहिली, शिळेवरची छपाई साधली आणि 1831 साली छापील मराठी पंचांग विकायला काढले. सोवळ्या मंडळींना चरबीची शाई चालेना, म्हणून पोथ्यांसाठी त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. पाहा, यंत्र स्वतःचे असले म्हणजे शाई कोणती हेही स्वतःच ठरविता येते!

पुढे चिपळूणकर, टिळक, आगरकर या मंडळींनी वृत्तपत्र काढायचे ठरविले, तेव्हा आधी आर्यभूषण छापखान्याची सोय केली. 4 जानेवारी 1881 रोजी ‘केसरी’ निघाला तो त्यानंतर. छापखान्याची जागा बदलायची वेळ आली, तेव्हा या पदवीधरांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतः वाहून नेल्या, ही हकीकत प्रसिद्धच आहे. 1905 साली टिळकांनी गायकवाड वाडा विकत घेतला आणि तो पुढे केसरीवाडा झाला. जागा बदलली, नाव तेच राहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

नागपूरचा अनुभव याहून कडू. 1907 साली माधवराव सप्रे यांनी येथून ‘हिंदी केसरी’ काढला. 1908 मध्ये त्यांना अटक झाली. ‘देशसेवक’चे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली. पण सरकारच्या लवकरच ध्यानात आले की, एकेका लेखकाला धरण्यापेक्षा यंत्राच्या मालकाला धरले तर काम स्वस्तात होते. 1910 च्या प्रेस कायद्याने नवा छापखाना काढणाऱ्याकडून 500 ते 2000 रुपयांचा जामीन घेता येऊ लागला. आक्षेपार्ह मजकूर छापला की जामीन जप्त. आणि पुन्हा तसे झाले तर छापखानाही जप्त. मग दुसऱ्याच्या लेखासाठी कोणता छापखानावाला आपली पोळी करपवून घेईल? लेखकाची लेखणी शाबूत राहिली, पण यंत्राच्या दाराला कडी लागली.

आता आजच्या यंत्राकडे वळू. सर्व्हर म्हणजे काय? ग्रंथालयात चिठ्ठी दिली की शिपाई आतून पुस्तक आणून देतो ना, तसे मागेल त्याला पान काढून देणारा, रात्रंदिवस जागा असलेला संगणक. वेबचा पहिला सर्व्हर 1990 च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावर सुरू झाला. कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी लावली होती. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमात पान वाचताही येई आणि लिहिताही येई. वाचणारा निराळा, छापणारा निराळा, असा भेद मुळात नव्हता.

आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेव्हा जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून तासाच्या हिशेबाने मिळे. फोन ठेवला की घर जगापासून तुटले! अशा तारेवर घरी सर्व्हर कसा ठेवणार? मग लोकांनी परक्या वाड्यात खोली घेतली. जिओसिटीज नावाच्या अमेरिकन कंपनीने तर फुकट जागा दिली. तीही मोहल्ले पाडून आणि घरांना क्रमांक देऊन. 1999 साली याहूने ती कंपनी घेतली आणि 26 ऑक्टोबर 2009 रोजी तो सबंध गाव मोडला. कोणावर खटला नव्हता, जामीन मागितला नव्हता. धंदा किफायतीचा राहिला नाही, इतकेच. काही उत्साही मंडळींनी बरीच पाने आधीच उतरवून घेतली, म्हणून ती वाचली. बाकीची गेली.

म्हणून घरच्या सर्व्हरची गोष्ट निघते. सामान फारसे लागत नाही. 2012 साली इंग्लंडात निघालेला रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक पुरतो. तो पाच वॅट वीज घेतो असे धरले, तरी महिन्याकाठी साडेतीन-पावणेचार युनिटच होतात. लिनक्स ही प्रणाली आणि पाने वाढणारा अपाची हा कार्यक्रम दोन्ही फुकट मिळतात. राउटरला सांगावे लागते की, 80 आणि 443 या दारांवर टकटक झाली तर पाहुण्याला या यंत्राकडे पाठव. पत्र वाटेत कोणी फोडू नये म्हणून लागणारे प्रमाणपत्र 2015 पासून विनामूल्य मिळते.

खरी अडचण पत्त्याची आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे 429 कोटी, म्हणजे जगाच्या लोकसंख्येहून कमी. म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. चाळीला क्रमांक आहे, पण खोलीला नाही, असा हा प्रकार! बाहेरचा पाहुणा जिन्यापाशीच अडतो. त्यावर उपाय तीन : जादा पैसे भरून कायमचा स्वतंत्र पत्ता घ्यावा, नव्या पद्धतीचा लांब पत्ता वापरावा, किंवा बाहेरच्या एखाद्या यंत्रामार्फत बोगदा काढावा. तिसऱ्या उपायात पुन्हा एक परका वाडा आलाच, हे विसरू नये.

आणि राबणूक? ती रोजचीच. यंत्र जगासमोर उघडले की थोड्याच वेळात अनोळखी हात कुलपे चाचपू लागतात. परवलीचा शब्द कच्चा असला तर घर लुटले गेलेच म्हणून समजा. प्रणाली वेळोवेळी सुधारून घ्यावी लागते. वीज जाते, म्हणून बॅटरी हवी. मे महिन्यात 45 अंशांच्या वर जाणारा आमचा नागपुरी उन्हाळा माणसाला सोसत नाही, तो यंत्राला कसा सोसावा? ते हवेशीर जागी ठेवा. मात्र कूलरच्या शिंतोड्यांपासून दूर.

तर मग प्रत्येकाने घरी सर्व्हर मांडावा का? माझे तसे म्हणणे नाही. चिपळूणकरांच्या काळीही प्रत्येक लेखकाने छापखाना काढला नाही. पण ‘केसरी’ची ती गोष्ट आठवा : जागा बदलली, तरी नाव गेले नाही. संकेतस्थळाचे नाव आपल्या स्वतःच्या नावावर नोंदवा. 2014 पासून तर ‘.भारत’ असे देवनागरी नावही घेता येते. त्याचे वर्षासन चुकवू नका. आणि सगळ्या मजकुराची एक पूर्ण प्रत घरी, दुसरी अन्य गावच्या नातलगाकडे ठेवा. इतके केले, तर यंत्र भाड्याचे असले तरी हरकत नाही. घरमालकाने उद्या वाडा पाडला, तर परवा आपण पेट्या उचलून दुसऱ्या वाड्यात जाऊ आणि वाचक जुन्याच नावाने तेथे येतील. धंतोलीतले जुने बंगले पडून सदनिका उभ्या राहिलेल्या आपण पाहतोच. त्या बंगल्यांच्या माळ्यावरचे कागद आता संगणकात चढत आहेत. ते तेथून पुन्हा रद्दीत जाणार नाहीत, एवढी काळजी मात्र ज्याची त्याने घेतली पाहिजे.