तळटीप : अझुसा स्ट्रीटची मंडळी

१. लॉस एंजेलिसच्या या मिशनमध्ये १९०६ साली विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय पाळकांच्या सभेत काळे, गोरे, मेक्सिकन एकाच बाकावर बसून प्रार्थना करत. पुढे ‘अपोस्टॉलिक फेथ’ हे त्यांचे वृत्तपत्र वर्गणीदारांच्या याद्यांसह पोर्टलंडला गेले. नव्यांना बोलावणारा आवाजच त्यामुळे बंद पडला. १९११ मध्ये पवित्रीकरणाच्या सिद्धान्तावरून वाद पेटला. सेमूर यांनी वेगळे मत मांडणारे गोरे उपदेशक विल्यम डरहॅम यांना दाराला कुलूप लावून रोखले आणि पुष्कळ भाविक डरहॅम यांच्यामागे गेले. १९१५ च्या नियमावलीत सेमूर यांनी प्रमुख पदे कृष्णवर्णीयांसाठी राखली. त्याला कोतेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गोऱ्या सहकाऱ्यांनी पुनःपुन्हा साथ सोडल्यावर उरलेल्यांना सांभाळण्याची ती धडपड होती. तोवर सभेला मोजकी, एकमेकांना ओळखणारी माणसेच येत.