आयोडीनचे बंद दार

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीच्या घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग निघाला की बहुतेकदा पावले परळकडे वळतात. तिथे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, आणि ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा संस्थेने १९६३ मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर उघडले. गाठ काढल्यावर पुष्कळ रुग्णांना किरणोत्सारी आयोडीनचा डोस मिळतो. मग काही दिवस वेगळ्या खोलीत, आणि घरी आल्यावरही लहान मुले व गरोदर बायकांपासून दूर. ‘गर्दी टाळा’ ही सूचना कल्याण लोकलने परतणाऱ्याने कशी पाळायची, हा प्रश्न मात्र उरतोच!

या उपचाराचे मर्म साधे आहे. थायरॉइड ग्रंथी रक्तातले आयोडीन ओढून घेते. तेच आयोडीन किरणोत्सारी करून दिले, तर ते आपण होऊन नेमक्या पेशींत शिरते. न्यूयॉर्कच्या डॉ. सॅम्युएल सिडलिन यांनी १९४३ मध्ये अशाच एका रुग्णावर उपचार केले. त्याची ग्रंथी पूर्वीच काढलेली होती, पण शरीरात पसरलेल्या गाठी थायरॉइडसारख्याच वागत होत्या. आयोडीन तिथे पोहोचले.

पण काही रुग्णांत डोस देऊनही आयोडीन गाठीत शिरतच नाही. असे का, हे कित्येक वर्षे कोडेच होते. १९९६ मध्ये आयोडीन आत घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक सापडले आणि कोड्याचा धागा हाती आला. हे प्रथिन म्हणजे पेशीचे दार. कर्करोगात हे जनुक बहुधा मोडत नाही, ते गप्प केले जाते. डीएनएवर मिथाइल नावाचे चिमुकले रासायनिक गट चिकटतात, आणि जनुक असूनही वाचले जात नाही. घरात वीज आहे, पण बटणच बंद, असे म्हणा.

बटण बंद कोण करते? पॅपिलरी प्रकारच्या सुमारे निम्म्या गाठींत ‘बीराफ’ या जनुकात बदल आढळतो. २००३ मध्ये थायरॉइडबाबत हे उघड झाले. या बदलामुळे पेशीला ‘वाढ, वाढ’ असा सतत इशारा मिळतो, आणि त्याच इशाऱ्याने आयोडीनचे दार मिटते.

मग इशारा अडवला तर? अमेरिकेत २० रुग्णांना सेल्युमेटिनिब हे औषध दिले आणि २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १२ जणांच्या गाठी पुन्हा आयोडीन ओढू लागल्या. त्यांतल्या आठ जणांना किरणोत्सारी आयोडीन देता आले आणि पाच जणांच्या गाठी लहान झाल्या. आनंदाची बातमी, पण जपून घ्यायची. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्याच डोसासोबत सर्रास हे औषध द्यावे काय, हे पाहणाऱ्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला, आणि त्यात रोग पूर्ण जाण्याचे प्रमाण वाढले नाही. दार कुणाचे उघडेल, हे आधी ओळखण्याचे काम अजून सुरू आहे.