दोन्ही घरचा पाहुणा : कॉलेज-श्रेयांकांच्या वादाचा इतिहास

आपल्याकडे विद्यार्थी शाळा बदलतो तेव्हा दाखला नेतो, विद्यापीठ बदलतो तेव्हा मायग्रेशन सर्टिफिकेट आणि पात्रता प्रमाणपत्र यांसाठी खेपा घालतो. कागद उशिरा का होईना, मिळतो. पण पूर्वीच्या ठिकाणी त्याने जो अभ्यास पुरा केला, तो नव्या ठिकाणी धरला जाईल का, हा प्रश्न वेगळाच आहे. २०२१ साली आपल्या देशात ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही योजना सुरू झाली आणि क्रेडिट, म्हणजेच श्रेयांक, हा शब्द घरोघरी पोहोचला. ज्या देशात ही पद्धत जन्माला आली, त्या अमेरिकेत श्रेयांकांवरून कोणते तंटे झाले, हे पालकांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घेणे म्हणूनच उपयोगाचे ठरेल.

चार्ल्स एलियट हे १८६९ साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले. त्यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची मोकळीक दिली. सर्वांचा अभ्यासक्रम एकच होता तोवर वर्षे मोजली की काम भागत असे. ज्याचा त्याचा अभ्यास निराळा झाला, तेव्हा तो मोजण्यासाठी मापाची गरज पडली. गंमत अशी की, हे माप देशभर रूढ झाले ते शिक्षकांच्या पेन्शनमुळे! पोलाद-उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली कॉलेज-शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी १ कोटी डॉलर दिले. ज्या कॉलेजांना या निधीचा लाभ हवा असेल, त्यांनी प्रवेशासाठी हायस्कूलमधील १४ ‘युनिट्स’ची अट ठेवावी, असे ठरले. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले १२० तास. हाच तासांचा हिशेब पुढे कॉलेजातही रुळला. आज तेथे साधारणपणे १२० श्रेयांक झाले की पदवी मिळते.

माप सोयीचे खरे, पण त्याने मोजले जातात ते तास. शेर-मापाने दूध मोजता येते, दुधातली साय मोजता येत नाही. साऱ्या वादाचे मूळ येथे आहे.

१९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी हायस्कूलला जोडून कॉलेजची पहिली दोन वर्षे शिकवण्यास सुरुवात झाली. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचा या प्रयोगाला पाठिंबा होता. मुलाने घरी राहून, कमी खर्चात दोन वर्षे शिकावे आणि मग मोठ्या विद्यापीठात जाऊन पदवी पुरी करावी, ही त्यामागची कल्पना. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणासाठी सरकारी मदत मिळाली आणि कॉलेजांत गर्दी उसळली. १९६० साली कॅलिफोर्नियाने तर आपली सारी उच्च शिक्षणाची व्यवस्थाच अशी आखली की, दोन वर्षांच्या कॉलेजातून चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याची वाट खुली राहावी. वाट झाली, पण वाटेवर नाकी बसली.

हे नाके कसे असते? नवे कॉलेज सहसा “तुमचे श्रेयांक आम्ही मानत नाही” असे सरळ म्हणत नाही. ते म्हणते, “मानतो, पण ऐच्छिक म्हणून.” पदवीसाठी जो सक्तीचा विषय, त्याच्या खात्यात ते जमा होत नाहीत. मग तोच विषय नव्या नावाने, नवी फी भरून पुन्हा शिकावा लागतो. अमेरिकन संसदेच्या लेखापाल कार्यालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी अंदाजे ४३ टक्के श्रेयांक वाया गेले. यात सर्वाधिक भरडला जातो तो नोकरी करून शिकणारा विद्यार्थी. श्रीमंताच्या मुलाचे एक वर्ष गेले तर वर्षच जाते. गरिबाच्या मुलाचे वर्ष गेले तर पुष्कळदा शिक्षणच जाते.

परंतु दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. प्राध्यापकांचे म्हणणे असे की, विषयाचे नाव सारखे म्हणून शिकवण सारखी होत नाही. कच्च्या पायावर वरचा मजला चढवला तर नुकसान विद्यार्थ्याचेच होते आणि पदवीवर शिक्का तर आमच्या कॉलेजचा असतो.

या दोन बाजूंचा सामना न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठात झाला. वीसहून अधिक कॉलेजे, सर्वांवर एकच विश्वस्त मंडळ. तरीही एकाच घरातल्या दोन कॉलेजांत श्रेयांक अडत. जून २०११ मध्ये मंडळाने ‘पाथवेज’ योजना मंजूर केली. ३० श्रेयांकांचा समान गाभा ठरला. तो एका कॉलेजात पुरा केला की बाकी सर्व कॉलेजांनी मानायचा. विद्यार्थ्यांना दिलासा मिळाला, पण अध्यापक खवळले. अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार शिक्षकांचा, तो वरून हिरावला गेला, अशी त्यांची तक्रार होती. क्वीन्सबरो कॉलेजच्या इंग्रजी विभागाने तर लेखनाचा वर्ग आठवड्याला ४ तासांवरून ३ तासांवर आणण्यास साफ नकार दिला. अध्यापक संघटना २०१२ साली न्यायालयात गेली. २०१३ साली मतदान केलेल्या पूर्णवेळ अध्यापकांपैकी ९२ टक्के लोकांनी योजनेवर अविश्वास नोंदवला. तरीही त्याच वर्षी योजना अमलात आली आणि २०१४ साली न्यायालयाने दावा फेटाळला.

तंट्याचा सर्वांत कडू भाग मात्र नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांचा आहे. २०१५ साली ‘कोरिंथियन कॉलेजेस’ ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सुमारे १६,००० विद्यार्थी एका रात्रीत उघड्यावर पडले. डोक्यावर कर्ज होते, हातात गुणपत्रके होती, पण त्यांतले पुष्कळसे श्रेयांक इतर कॉलेजे मानायला तयार नव्हती. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही आपली म्हण त्यांच्या बाबतीत खरी ठरली.

आता आपल्याकडे वळू. आपल्या योजनेत श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात आणि ते साधारणपणे ७ वर्षांपर्यंत वापरता येतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे, जी संस्था पदवी देणार, तिच्याकडचे निदान ५० टक्के श्रेयांक असावे लागतात. खाते उघडणे ही सोय झाली. पण पेढीत पैसा आहे म्हणून प्रत्येक दुकानदार उधार देतोच असे नाही. आपण शिकलेला विषय नव्या ठिकाणी कोणत्या खात्यात धरला जाईल, हे अमेरिकेत जसे त्या त्या कॉलेजवर अवलंबून राहिले, तसेच येथेही विचारून घेतले पाहिजे.

म्हणून पालक बंधू-भगिनींनो, प्रवेश घेताना फी किती हे जसे विचारता, तसेच संस्थेला मान्यता कोणाची, हेही विचारा. विद्यार्थी मित्रांनो, गुणपत्रकाबरोबर त्या वर्षीचा छापील अभ्यासक्रमही जपून ठेवा. विषयाचे नाव सारखे की शिकवण सारखी, या वादात तोच तुमचा साक्षीदार. कॉलेज बदलण्याआधी “किती श्रेयांक मानाल?” एवढेच विचारून थांबू नका. “कोणत्या विषयापोटी मानाल?” हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आणि आम्हा शिक्षकांनाही या इतिहासात धडा आहे. दर्जाची राखण हे आमचे कर्तव्यच. पण दारावरचा पहारेकरी घरच्या माणसालाच अडवू लागला, तर घर कोणासाठी राखायचे? दुसऱ्या शिक्षकाने इमानाने शिकवले असेल, असा भरवसा एका शिक्षकाने ठेवावा आणि तो भरवसा खरा ठरेल असे स्वतः शिकवावे. तेवढे झाले तर विद्यार्थ्याच्या कष्टाचे तास कोठेही गेले तरी वाया जाणार नाहीत.