पिवळा उंदीर आणि न जन्मलेली पिल्लं

शाळेत आपण सगळ्यांनी मेंडेलचं ३:१ घोकलंय. आजची गोष्ट आहे ते गुणोत्तर जिथे जुळेना, तिथली.

फ्रान्समधल्या नान्सी शहरात ल्युसियां क्युएनो नावाचे प्राध्यापक उंदीर पाळायचे. मेंडेलचे नियम उंदरांनाही लागू पडतात, हे त्यांनी १९०२ मध्ये दाखवलं. मग त्यांनी पिवळे उंदीर घेतले. पिवळा रंग प्रभावी, म्हणजे आई किंवा बाबा, कुणाहीकडून त्या जनुकाची एक प्रत मिळाली की पिल्लू पिवळं. दोन प्रती असलेले ‘शुद्ध’ पिवळेही निघायला हवेत ना? क्युएनोंनी ८१ पिवळे उंदीर तपासले. शुद्ध एकही नाही! १९०५ मध्ये त्यांनी अंदाज मांडला, की पिवळं जनुक असलेलं बीजांड तसल्याच शुक्राणूला आत घेत नसावं.

मला आवडतो तो पुढचा भाग, कारण तिथे फक्त मोजणी आहे. १९१० मध्ये अमेरिकेत कॅसल आणि लिटल यांनी पिवळ्या जोड्यांची १२३५ पिल्लं मोजली. ८०० पिवळी, ४३५ इतर. म्हणजे जवळपास २:१. शिवाय एका वेताला पिल्लंही कमी. आता विचार करा, बीजांडाने एक शुक्राणू नाकारला तर दुसरा आत येईल, पिल्लं कमी कशाला होतील? म्हणजे ती पोटात राहत होती आणि जन्माआधीच मरत होती. दोन प्रती म्हणजे मृत्यू. डेटात न दिसणारी पिल्लंच इथे उत्तर होती, राव!

आणि एक प्रत घेऊन जगलेले? ते लठ्ठ व्हायचे. का, ते कळायला १९९२ उजाडलं. ओक रिजच्या प्रयोगशाळेत हे ‘अगूटी’ जनुक हाती लागलं. एरवी ते त्वचेत काम करतं, केसाचा रंग ठरवतं. पिवळ्या उंदरात मात्र डीएनएचा एक तुकडा गळालेला, त्यामुळे ते अंगभर चालू राहतं. मेंदूत ‘पोट भरलं’ हा निरोप घेणारा एमसी४आर नावाचा रिसेप्टर आहे, त्यालाच ते अडवतं. उंदीर खातच राहतो.

१९९८ मध्ये लहानपणापासून खूप लठ्ठ असलेल्या काही माणसांच्या एमसी४आर जनुकातच बिघाड सापडला. तिथेही बिघडलेली एकच प्रत पुरली होती. ‘तोंडावर ताबा नाही’ हे ऐकतच ती माणसं मोठी झाली असणार.

त्या रिसेप्टरवर पुढच्या एपिसोडमध्ये बोलू.