वेशीबाहेरची ठाणी आणि भुताखेतांच्या कथा : एक ऐतिहासिक विचार

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की गाभारा, सभामंडप, शिखर आणि कळस यांचाच विचार प्रथम मनात येतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गाव काही एका देवळाने पुरे होत नाही. वेशीत मारुती असतो, शिवेवर म्हसोबा असतो, ओढ्याकाठी सात आसरा असतात, माळावर वेताळाचा शेंदूर फासलेला धोंडा असतो आणि गावाबाहेर मरीआईचे ठाणे असते. जेथे ही ठाणी तेथे भुताखेतांच्या कथा आल्याच. लहानपणी चुलीपुढे बसून आजीच्या तोंडून त्या ऐकल्या नाहीत असा माणूस खेडेगावात विरळा. शिकलेली माणसे या कथांना हसतात आणि न शिकलेली त्यांना भितात. मात्र या कथा आल्या कोठून, याचा शोध फारसा कोणी घेत नाही. तो घेऊ लागले म्हणजे भुताच्या मागे बहुधा एखादे खरे मरण उभे असलेले दिसते.

भुतांची नावे आणि मरणाचे प्रकार

मराठी मुलखातील भुतांची नावेच पाहावीत. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा तो मुंजा. त्याची वस्ती पिंपळावर. बाळंतपणात किंवा बाळंतपणाच्या दहा दिवसांत गेलेली बाई ती हडळ किंवा अळवंतीण. पाण्यात बुडून मेला तो गिऱ्हा. मागे मूलबाळ नाही, वासना अपुरी राहिली, तो समंध. यातले एकही नाव पिकल्या पानासारखे सुखाने गेलेल्या म्हाताऱ्याचे नाही. जे मरण अवेळी आले, ज्याचे क्रियाकर्म झाले नाही, ज्याच्यामागे रडायला कोणी उरले नाही, त्यालाच लोकांनी भुताचे नाव दिले. ज्या काळी गावात सुईणीपलीकडे मदत नव्हती, त्या काळी किती लेकीसुना बाळंतपणात गेल्या याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती हडळीच्या गोष्टीत आहे.

शास्त्रानेही अशा मृतांची आठवण ठेवली आहे. पितृपक्षात अविधवा नवमी सवाष्ण गेलेल्या स्त्रियांसाठी, चतुर्दशी शस्त्राने मारल्या गेलेल्यांसाठी, आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही अशा सर्वांसाठी सर्वपित्री अमावास्या. घरच्या माणसांची सोय तिथीने झाली. ज्यांचे घरच उरले नाही त्यांची सोय गावाने कथेत केली.

दुष्काळाची सावली

दख्खनच्या पठारावर दुष्काळ नवा नाही. सन १३९६ पासून सुमारे बारा वर्षे चाललेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाने गावेच्या गावे ओस पडली, असे परंपरा सांगते. त्या आपत्तीला लोकांनी देवीचेच नाव दिले, यावरून तिची दहशत ध्यानात यावी. पुढे १६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात व दख्खन या प्रांतांत महाभयंकर दुष्काळ पडला. शाहजहान बादशहाच्या दरबारी इतिहासात लिहून ठेवले आहे की, भाकरीच्या तुकड्यासाठी माणसे स्वतःला विकावयास निघाली, तरी कोणी घेणारा नव्हता. आणि मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळून विकली गेली. अशा काळात कोण कोणाला अग्नी देणार? ओसाड पडलेल्या जुन्या पांढरीवरून रात्री जाऊ नये, तेथे जात्याचा आवाज येतो, मुले रडतात, असे जे सांगितले जाते, त्याच्या मुळाशी असे दिवस आहेत.

याच दुष्काळात देहूस तुकाराम महाराजांची प्रथम पत्नी रखमाबाई अन्न अन्न करीत गेली आणि मुलगा संतूही गेला. घरचे दुकान बुडाले. अशा स्थितीत तुकोबांनी काय केले? पूर्वज विश्वंभरबावांनी बांधलेले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते दुरुस्त करण्यास त्यांनी हात घातला. आज ज्याला जीर्णोद्धार म्हणतात तेच हे काम. महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध जीर्णोद्धारांपैकी हा एक, आणि तो सुबत्तेच्या दिवसांत नव्हे, तर घरातली माणसे गमावल्यावर झाला, हे देणगीदारांनी आणि ग्रामस्थांनी अवश्य लक्षात ठेवावे.

गाढवाचा नांगर आणि सोन्याचा नांगर

त्याच सुमारास पुणे कसब्यावर दुसरेही संकट आले. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांची ही जहागीर लुटली, जाळली, आणि परंपरा सांगते की त्या भूमीवर गाढवांचा नांगर फिरवून पहार ठोकली. याचा अर्थ, येथे पुन्हा कोणी वस्ती करू नये. करील त्याचा निर्वंश होईल. लढाईने माणसे पळाली होती. या शापाने ती परत येईनात. उजाड रान वाढले, लांडग्यांचा सुळसुळाट झाला, आणि त्या जागेचे नाव काढले तरी लोक भिऊ लागले.

पुढे जिजाबाई बाल शिवाजीराजांसह पुण्यास आल्या. दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली त्याच भूमीवर सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरविण्यात आला, पहार उपटून टाकण्यात आली आणि कसबा गणपतीचे देऊळ उभे राहिले, असे सांगतात. लांडगे मारणाऱ्यास इनाम आणि जमीन कसणाऱ्यास साऱ्याची सूट मिळाली. भयाचे ठाणे असलेली जागा पुन्हा वसती झाली ती मंत्रतंत्राने नव्हे. देऊळ झाले, त्याबरोबर लांडग्यांचा बंदोबस्त झाला आणि शेतकऱ्याला अभय मिळाले, म्हणून ती वसली.

पुरंदरचा बुरूज

पुण्याच्या आग्नेयेस पुरंदर किल्ला आहे. १६५७ साली संभाजीराजांचा जन्म येथे झाला आणि १६६५ साली मुरारबाजी देशपांडे येथेच धारातीर्थी पडले. हा इतिहास शाळेतील मुलांनाही पाठ असतो. त्याच किल्ल्यावर शेंदऱ्या नावाचा बुरूज आहे, त्याची कथा मात्र हलक्या आवाजात सांगितली जाते.

बिदरच्या बादशहाच्या अमदानीत हा बुरूज बांधताना तो वारंवार ढासळू लागला. तेव्हा नरबळी दिल्यावाचून बांधकाम टिकणार नाही असा दृष्टान्त झाल्याचे सांगण्यात आले. बहिरनाक सोननाक याचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई या दोघांना आश्विन वद्य अष्टमीस पायात जिवंत गाडले, आणि मग बुरूज उभा राहिला, अशी ही परंपरा आहे. नावांवरून हे कुटुंब महार समाजाचे होते हे उघड आहे. ‘नाथनाक दिला’ असे कथा म्हणते. पण नव्या नवरीला आणि तिच्या नवऱ्याला कोणी विचारले होते काय? बादशहापुढे नाही म्हणण्याची त्या बापाची प्राज्ञा होती काय? हे प्रश्न कथा विचारीत नाही.

महाराष्ट्रात अनेक किल्ल्यांच्या, तलावांच्या व पुलांच्या बाबतीत अशा कथा ऐकू येतात. त्या प्रत्येकीचा लेखी पुरावा मिळणे शक्य नाही. पण बळी सांगितला जातो तो बहुतेक कोणाचा? गरिबाचा, गावकुसाबाहेरच्याचा, घरातल्या सुनेचा. ही गोष्ट मात्र सगळीकडे सारखीच आहे, आणि तोच या कथांतील खरा इतिहास आहे. पुरंदरच्या बाबतीत निदान नाथनाक आणि देवकाई ही नावे तरी टिकली. बाकी ठिकाणी तीही गेली.

शनिवारवाड्यातील हाक

पुण्याच्या शनिवारवाड्याची कथा तर सर्वतोमुखी आहे. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली त्याचा पाया घातला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या अखेरीस, अवघ्या अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव यांच्यावर गारदी चालून गेले. नारायणराव चुलत्याकडे, रघुनाथरावांकडे, धावले आणि त्यांना मिठी मारली. तरी त्यांचा खून झाला. धन्याला वाचविण्यासाठी अंगावर पडलेला चाकर चापाजी टिळेकर हाही मारला गेला. अमावास्येच्या रात्री, कोणी म्हणतात पौर्णिमेच्या, वाड्यातून ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, असे पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

‘धरावे’ या शब्दातील ‘ध’ चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले, याचे खापर लोकांनी आनंदीबाईंवर फोडले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी मात्र चौकशी करून दोष रघुनाथरावांवर ठेवला आणि त्यांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले. पण ती शिक्षा कधीच अमलात आली नाही. रघुनाथराव पुढे इंग्रजांच्या आश्रयास गेले, आणि १७८३ साली कोपरगाव येथे वारले. नारायणरावांच्या पश्चात त्यांच्या पत्नी गंगाबाई १७७४ साली पुरंदरावरच प्रसूत झाल्या व सवाई माधवरावांचा जन्म झाला. तेही १७९५ साली शनिवारवाड्यातून पडून वारले. १८२८ साली वाड्याला आग लागली आणि आतील इमारती जळून गेल्या. राज्य गेले, वाडा गेला, पण हाक राहिली. ज्या गुन्ह्याचा निकाल लागूनही शिक्षा झाली नाही, तो गुन्हा लोकांनी या एका हाकेने अडीचशे वर्षे जिवंत ठेवला आहे. मात्र चापाजी टिळेकराची हाक कोणास ऐकू येत नाही, हेही जाता जाता नमूद केले पाहिजे.

मरीआईचा गाडा

जुनी माणसे पटकी, देवी आणि प्लेग यांच्या साथींच्या गोष्टी सांगत. पटकी आली की मरीआईचा लहानसा लाकडी गाडा करीत, त्यावर लिंबू, नारळ, हिरवा चुडा, खण ठेवीत आणि वाजतगाजत तो शिवेपलीकडे नेऊन सोडीत. पुढचे गाव तो तसाच आणखी पुढे लोटी. आपले संकट शेजाऱ्याच्या शिवेत घालण्याचा हा प्रकार होता. त्यावरून गावागावांत वैरही येई.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि पुढील वर्षाच्या आरंभी पुण्यात पसरला. उंदीर पडू लागले की लोक घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत. ओस गावात मागे राहिलेल्या रोग्यांच्या कण्हण्यातून कितीतरी कथा जन्मल्या असतील. त्याच वेळी सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनी पुण्याजवळ रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. गाव जेव्हा गाडा शिवेपलीकडे लोटीत होते, तेव्हा एक बाई शिवेपलीकडच्या मुलाला पाठीवर घेऊन येत होती. दोन्ही आपलाच इतिहास आहे.

कथा जपावी, भय टाकावे

या कथांचे एक रूप मात्र अत्यंत घातक आहे. एखाद्या एकट्या विधवेला चेटकीण ठरवावे, आजारी सुनेला झाड लागले म्हणून मारहाण करावी, गुप्तधनासाठी मुलाचा बळी द्यावा, असे प्रकार घडले आहेत. म्हणूनच महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी व अघोरी प्रथा यांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हाही त्याखाली गुन्हा आहे. मेलेल्यांवर झालेला अन्याय सांगणारी कथा जिवंत माणसावर नवा अन्याय करण्यास वापरली जाऊ नये.

आता जीर्णोद्धाराच्या कामासंबंधी. जुन्या देवळाभोवती पुष्कळदा वीरगळ, सतीशिळा व गद्धेगाळ पडलेले असतात. वीरगळात खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंग व चंद्रसूर्य असे थर असतात. गाई सोडविताना किंवा गाव राखताना पडलेल्या माणसाचा तो दगड असतो. गद्धेगाळावर दान मोडणाऱ्यास शाप कोरलेला असतो; अलिबागजवळील अक्षी येथील प्रसिद्ध शिलालेख हा त्याच जातीचा. असे दगड ‘भुताचा धोंडा’ म्हणून दूर टाकले जातात, पायरीत घातले जातात किंवा ऑइलपेंटने रंगविले जातात. तसे न करता ते देवळाच्या आवारात ओळीने उभे करावेत, अक्षरे असतील तर जाणकारांस दाखवावीत, सिमेंटमध्ये पुरू नयेत. तसेच गावातील वृद्ध स्त्रीपुरुषांकडून मुंजाचा पिंपळ कोणाचा, ओढ्याच्या डोहात कोण गेले, साथीत कोणती घरे बुडाली, हे विचारून एका वहीत लिहून घ्यावे. हे काम तरुण मंडळींचे आहे, त्याला वर्गणी लागत नाही, आणि सांगणारी माणसे आहेत तोवरच ते करता येण्यासारखे आहे.

कलशारोहणाच्या दिवशी ग्रामदैवताचा पहिला नैवेद्य झाल्यावर शिवेवरच्या सर्व ठाण्यांना भाकरतुकडा नेण्याची रीत अनेक गावांत आहे. ती मोडू नये. तो घास कोणासाठी, हे मात्र मुलांना सांगून न्यावा.